बाहेरच्या डिस्कवरचा संसार

"दादा, सी ड्राइव्ह भरला. गेम एक्सटर्नलवर टाकला तर चालेल ना?"

वसई रोड स्टेशनजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान चालवताना हा प्रश्न मी इतक्या तोंडून ऐकलाय, की हातात डिस्क घेऊन कुणी दुकानाची पायरी चढला की तो काय विचारणार हे कळतं. कधी गेमच्या जागी टॅली असतं, कधी फोटोशॉप, कधी लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग. समोरच्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं आणि दोन्ही उत्तरं अर्धीच खरी असतात. प्रोग्रॅम बाहेरच्या डिस्कवर ठेवणं सोपं आहे. तो सगळाच्या सगळा तिथे राहतो का, आणि दुसऱ्याच्या घरी उघडतो का, हे समजून घेण्यात माझा निम्मा धंदा शिकून झाला. त्यातलं थोडं लिहितो.

वसईसारख्या ठिकाणी बाहेरची डिस्क एवढी का लागते, ते आधी सांगायला हवं. इथल्या नोकरदाराचा दिवस दोन जागी वाटलेला असतो. झोपायला वसई, कामाला अंधेरी, मालाड, नाहीतर थेट चर्चगेट. मी दुकान उघडलं तेव्हा बऱ्याच घरांत संगणक नव्हता. होता तिथे एकच, सगळ्या घराचा मिळून. मुलं सायबर कॅफेत जायची. त्यात भारनियमनाची वर्षं. आपल्याकडची वीज गेली की माणूस दुसऱ्या भागातल्या भावाकडे जाऊन काम पुरं करायचा. अशा माणसाला स्वतःचं म्हणावं असं यंत्र कुठेच नव्हतं, पण किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला पेन ड्राइव्ह मात्र त्याचा होता. त्यावर त्याचे कागद होते, गाणी होती आणि आपले प्रोग्रॅमही त्याला त्यावरच हवे होते. जाईल तिथे आपलं टेबल मांडता यावं, एवढीच इच्छा. ही मागणी मला कधीच चैनीची वाटली नाही. ज्याला यंत्र परवडत नव्हतं त्याला यंत्राचं थोडंफार मालकपण मिळण्याचा तोच एक मार्ग होता.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक हिशेबनीस होते. दिवसा मुंबईत नोकरी आणि संध्याकाळी, रविवारी वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांमधले जमाखर्च. त्यांना पेन ड्राइव्हवरून टॅली चालवायचं होतं, म्हणजे कुठल्याही कारखान्यात बसलं की काम सुरू. टॅलीचा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तरी तो उघडायचा, हे खरं. पण परवाना त्या त्या यंत्राशी बांधलेला. परवाना नसला की ते शैक्षणिक पद्धतीत उघडतं आणि महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी घेतं. त्यातून अर्थातच कुणाचा धंदा चालत नाही. आम्ही बसून विचार केला. प्रत्येक कारखान्यात परवाना घेतलेलं टॅली होतंच. मग प्रोग्रॅम कशाला वाहायचा? फक्त प्रत्येकाच्या हिशेबाचा फोल्डर न्यायचा. हे छान चाललं. पुढे २००९ च्या सुमारास एका कारखान्याने नवी ईआरपी ९ आवृत्ती घेतली. तिथे उघडलेले जुने हिशेब नव्या पद्धतीत बदलले गेले आणि मग ते जुन्या आवृत्तीत उघडेनात. तेव्हापासून हिशेबनीस फोल्डरच्या नावातच आवृत्ती लिहू लागले आणि नव्यात उघडण्याआधी जुन्याची एक प्रत बाजूला ठेवू लागले. प्रोग्रॅम वेगळा आणि त्याने सांभाळलेली माहिती वेगळी, ही फारकत मी त्यांच्याकडून शिकलो. पुस्तकात वाचली असती तर इतकी पक्की बसली नसती.

त्याच काळात एका शाळकरी मुलाने याची दुसरी बाजू दाखवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मामाकडे अर्नाळ्याला जाणार होता आणि सॅन अँड्रियास हा गेम सोबत न्यायचा होता. नकली सीडीवरूनच आलेला. अस्सल प्रत तेव्हा क्वचितच दिसे. साडेचार जीबीच्या आसपासचा तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर गेला, मामाच्या संगणकावर उघडलाही. पण आत सगळं पहिल्यापासून. सुट्टी लागायच्या आधी पार केलेले टप्पे नाहीसे झालेले. मुलाला वाटलं व्हायरस लागला, आणि मामाला वाटलं पोराने काहीतरी दाबलं. झालं एवढंच होतं की हा गेम खेळाडूची प्रगती स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही. ती माय डॉक्युमेंट्समध्ये, त्या यंत्राच्या त्या वापरणाऱ्याच्या नावाखाली साठते. गेम अर्नाळ्याला गेला आणि मुलाची सगळी मेहनत माणिकपूरच्या घरी राहिली. वडिलांनी घरून तो एक छोटा फोल्डर पेन ड्राइव्हवर आणून दिला आणि सुट्टी सत्कारणी लागली.

विंडोजवर प्रोग्रॅम टाकताना आपण 'ई ड्राइव्ह' निवडतो आणि तो सगळा ई वर गेला असं समजतो. प्रत्यक्षात मोठ्या फायली तेवढ्या तिथे जातात. नोंदी रजिस्ट्रीत होतात, आणि ती सी वर असते. अनेक प्रोग्रॅमना मिळून लागणाऱ्या लायब्रऱ्या विंडोजच्या फोल्डरमध्ये बसतात. आवडीनिवडी आणि सेटिंग ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. काही प्रोग्रॅम यंत्र सुरू होताच मागे चालू राहणारी सेवा बसवतात, तर काही थेट ड्रायव्हर. म्हणून ई वरचा फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्राला लावला की 'अमुक डीएलएल सापडत नाही' असा निरोप येतो. हे मी निर्मळच्या एका बागायतदाराला सांगत होतो. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे काही झाडं वाडीतली आणि काही कुंडीतली." पुढे किती गिऱ्हाइकांना मी त्याचंच वाक्य ऐकवलं असेल!

कुंडीतल्या झाडांची सोयही कुणीतरी मुद्दाम केलेली होती, हे मला नंतर कळलं. २००४ च्या सुमारास जॉन हॅलर नावाच्या प्रोग्रॅमरने फायरफॉक्स ब्राउझर पेन ड्राइव्हवरून चालेल असा बांधून दिला. सेटिंग, बुकमार्क, सगळं त्याच्याच फोल्डरमध्ये. त्यातून पोर्टेबलॲप्स हा मोठा संग्रह उभा राहिला. लिबरऑफिस, गिंप, व्हीएलसी, ऑडॅसिटी असे कितीतरी प्रोग्रॅम त्यात आहेत, फुकट आणि कायदेशीर. वर्तक महाविद्यालयातली आणि विद्यावर्धिनीच्या इंजिनीअरिंगमधली मुलं दुकानात यायची तेव्हा मी त्यांना हेच भरून द्यायचो. घरी संगणक नसलेल्या एका मुलीने आपला सगळा प्रकल्प अहवाल असाच लिहिला: थोडा लॅबमध्ये, थोडा कॅफेत, थोडा मैत्रिणीकडे. प्रत्येक ठिकाणी तिचं पान तिने सोडलं होतं त्याच ओळीवर उघडायचं.

इंजिनीअरिंगच्या मुलांचं टर्बो सी हा वेगळाच अध्याय आहे. 'टीसी' फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकला की तो लगेच उघडायचा आणि प्रोग्रॅम चालवायला गेलं की स्टडीआयओ फाइल सापडत नाही म्हणून अडायचा. कारण टर्बो सीच्या आत पत्ता लिहिलेला असतो 'सी कोलन टीसी', आणि पेन ड्राइव्ह आज एफ असतो, उद्या दुसऱ्या यंत्रावर एच. ज्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण पत्ता कोरलेला असतो तो अक्षर बदललं की हरवतो. ज्यात 'माझ्या शेजारच्या फोल्डरमध्ये बघ' असं लिहिलेलं असतं तो कुठेही चालतो. पुढे ६४ बिटच्या विंडोजवर टर्बो सी थेट चालेनासंच झालं आणि मुलं ते डॉसबॉक्समधून चालवू लागली. तिथे माउंटची एक आज्ञा दिली की बाहेरचं अक्षर काहीही असो, आत त्याला सी हेच दिसतं. अक्षरांचा सगळा घोळ एका ओळीत संपला. आजही कुणी मोठी डिस्क घेऊन येतं तेव्हा मी आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून तिला शेवटाकडचं एखादं अक्षर देतो, पी किंवा एक्स. पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर येतात-जातात ते ई, एफ, जी भोवती. एक्सच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. विंडोज ते अक्षर त्या डिस्कसाठी लक्षात ठेवतं, पण त्याच यंत्रावर. दुसऱ्या यंत्रावर पुन्हा द्यावं लागतं.

व्हायरसचा उपद्रव त्या काळात फार होता. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन परत यायचे. २००८ मध्ये आलेला कॉनफिकर पेन ड्राइव्हमधल्या ऑटोरनच्या सोयीचाही फायदा घेत पसरला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये आणि मग २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही यूएसबीवरचं ऑटोरन आवरलं, तेव्हा माझ्याकडची पेन ड्राइव्ह साफ करून घेणाऱ्यांची रांग कमी झाली. तोवर अनेक कंपन्यांनी यूएसबी पोर्टच बंद केले होते. फिरत्या प्रोग्रॅमचा रस्ता तिथे कायमचा अडला, आणि कंपनीच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच होतं.

छपाईच्या कामात मात्र हा विषय माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप देऊन गेला. वसईत छोट्या छपाईची कामं अमाप. गणेश मंडळांच्या स्मरणिका, चर्चच्या सणाच्या पत्रिका, गीतांच्या पुस्तिका, लग्नाच्या आमंत्रणपत्रिका. एक मावशी घरून हे काम करायच्या. पेजमेकरची फाइल बाहेरच्या डिस्कवर घेऊन प्रेसमध्ये जायच्या, आणि तिथे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. श्रीलिपी, आकृती यांचे ते जुने फाँट युनिकोडचे नव्हते. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले, त्यामुळे तोच फाँट त्या यंत्रात नसेल तर मजकूर वाचताच येत नसे. फाँट डिस्कवर नुसता ठेवून भागत नाही, तो त्या यंत्रात बसवावा लागतो. आणि टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरला डोंगल असायचं, संगणकाच्या पाठीमागे लावलेलं. ते मावशींच्या घरच्या यंत्राला. त्यांच्या डिस्कवर सगळं असूनही प्रेसमध्ये एक वेलांटी दुरुस्त करता येत नव्हती. शेवटी त्या पीडीएफ न्यायला लागल्या. चूक निघाली की परत घरी. युनिकोड रुळल्यावर ही दगदग संपली. मराठी माणसाचा मजकूर कुठल्याही यंत्रावर मराठीतच उघडतो, ही आज कुणाला मोठी गोष्ट वाटत नाही. मला वाटते, कारण मावशींच्या त्या खेपा मी बघितल्या आहेत.

वेगाबद्दल मला शिकवलं ते गेम खेळणाऱ्या मुलांनी. यूएसबी २.० हे २००० सालचं. कागदावर वेग ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात हातात पडायचे तीस-पस्तीस. २००८ मध्ये ३.० चा आराखडा आला, पाच गिगाबिटचा, आणि काही वर्षांनी निळ्या जिभेचे पोर्ट आमच्याकडच्या लॅपटॉपवर दिसू लागले. लोकांना वाटलं आता बाहेरची डिस्क आतल्यासारखीच पळणार. एक तरुण नवी कोरी ३.० ची डिस्क घेऊन तक्रार करत आला. सिनेमा सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या पुढे कॉपी होत होता आणि गेम मात्र झटके देत होता. त्याची गाडी शहरातून पळायची आणि पुढचा रस्ता, इमारती तयारच झालेल्या नसायच्या.

दोष पोर्टचा नव्हता. त्या छोट्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. वाचणारा काटा योग्य वर्तुळावर न्यायला लागतो तो वेळ वेगळा. सिनेमा सहसा सलग ओळीने ठेवलेला असतो, काटा फारसा हलत नाही. गेमच्या फायलींतून मात्र इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा असं हजारो वेळा उचलावं लागतं. असे विखुरलेले तुकडे फिरती डिस्क सेकंदाला शंभरही देऊ शकत नाही, मग शंभरचा वेग कधी कधी एका मेगाबाइटवर येतो. पोर्ट कितीही रुंद केला तरी काटा तेवढाच हलणार. एसएसडीमध्ये हलणारं काही नाहीच. साधी साटा एसएसडी चांगल्या केसिंगमध्ये घालून निळ्या पोर्टला लावली की सेकंदाला चारशे मेगाबाइटच्या घरात देते, आणि विखुरलेल्या तुकड्यांनाही डगमगत नाही. त्या तरुणाने ती घेतल्यावर त्याचा रस्ता गाडीच्या आधी तयार होऊ लागला.

पण इथे एक गोष्ट मी आईवडिलांना हमखास सांगतो, विक्री गेली तरी. एसएसडीने गेम लवकर उघडतो, अडखळणं कमी होतं. चित्र गुळगुळीत होणं हे ग्राफिक्स कार्डाचं आणि रॅमचं काम. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपला महागडी डिस्क लावून पोराचा गेम पळणार नाही. तेच पैसे रॅमवर घाला.

पोर्टवरून अजून एक. तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी डिस्का धडधाकट निघतात. फिरत्या डिस्कला सुरू होताना जोर लागतो, जुना पोर्ट देतो ५०० मिलिॲम्पिअर, निळा ९००. समोरच्या पोर्टला लांब, बारीक वायरने लावली की ती टिकटिक करत बसते. मागच्या पोर्टला, आखूड वायरने लावली की उठते. अर्नाळा, पाचूबंदरच्या बाजूने येणाऱ्या यंत्रांच्या पोर्टवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की मेलेली डिस्क जिवंत. बाहेरच्या डिस्कवरून प्रोग्रॅम चालवणाऱ्याला हे जास्त जपावं लागतं, कारण फोटो बघताना संपर्क तुटला तर पुन्हा लावता येतो, प्रोग्रॅम चालू असताना तुटला तर तो जागीच कोसळतो आणि लिहीत असलेली फाइलही बिघडते.

२०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे मोठे कारखाने पाण्याखाली गेले आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात डिस्कचे भाव भडकले. तिकडचं पाणी आणि वसईतल्या मुलाचा गेम यांचा संबंध असतो, हे तेव्हा कळलं. नवी डिस्क परवडेना म्हणून लोक जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून केसिंगमध्ये घालू लागले. माझ्याकडे तेव्हा हेच काम जास्त होतं. जुन्या डिस्कवरचं विंडोज, त्यातले प्रोग्रॅम, सगळं तसंच आत असायचं, आणि नव्या यंत्राला बाहेरून लावली की प्रोग्रॅम फाइल्समधलं बहुतेक काहीच चालायचं नाही. माणसं म्हणायची, "अरे, डोळ्यांसमोर तर दिसतंय!" दिसायचं खरंच. पण त्याची रजिस्ट्री आता झोपलेली होती, जागी होती ती नव्या यंत्राची.

मग पूर आमच्याकडे आला. ९ आणि १० जुलै २०१८. सनसिटी, दिवाणमान पाण्यात, रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज बंद. पाणी ओसरल्यावर दुकानापुढे ओल्या सीपीयूंची रांग लागली. पहिल्या दिवशी माझं काम एवढंच होतं: कुणालाही प्लग लावू न देणं. साध्या हार्ड डिस्कला श्वास घेण्यासाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. वाळवून लगेच सुरू केली तर तबकडीवर चिखलाचे कण घासले जातात आणि जे वाचू शकलं असतं तेही जातं. डेटा रिकव्हरीवाल्यांकडे ती न उघडता, न चालवता न्यायची असते.

तळमजल्यावरच्या एका फोटो स्टुडिओचा सीपीयू बुडाला, पण मालकाने बाहेरची डिस्क माळ्यावर टाकली होती. त्यावर त्याचे सगळे फोटो आणि फोटोशॉप, अल्बमचं सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर बसवलेलं. त्याला वाटलं नवं यंत्र आणलं की उद्यापासून काम सुरू. फोटो सगळे उघडले. प्रोग्रॅम एकही उघडला नाही, कारण त्यांचा अर्धा भाग बुडालेल्या सी ड्राइव्हवर होता. पुन्हा बसवायला गेलो तर परवान्याचे क्रमांक लिहिलेली डायरीही पाण्यात. शिलकीत काय होतं, तर ब्रशांचे, ॲक्शनचे आणि फाँटांचे फोल्डर, जे त्याच्या मुलाने सहज म्हणून डिस्कवर वेगळे ठेवले होते. तेवढ्याने त्याचे कितीतरी दिवस वाचले. त्या पावसाळ्यापासून माझं सांगणं बदललं. प्रोग्रॅम बाहेर चालवायचा की आत, हा दुय्यम प्रश्न. त्याची बसवायची फाइल, त्याचा परवाना आणि त्यात तुम्ही केलेली मांडणी, या तिन्ही गोष्टी बाहेरच्या डिस्कवर हव्यात. हिशेबनिसांकडून शिकलेल्या दोन भागांचे, माहिती धरून, असे चार भाग झाले.

२०२० च्या टाळेबंदीत लॅमिंग्टन रोड बंद, लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतली माणसं, आणि प्रत्येक घरात अचानक दोन-तीन शाळा भरलेल्या. पापडीच्या एका घरात एकच जुना लॅपटॉप, त्याचीही आतली डिस्क मेलेली. बदलायला नवी मिळेना. दुकानात पडून असलेल्या एसएसडी केसिंगमध्ये घालून त्यांवर उबुंटू लिनक्स टाकलं आणि सोसायटीच्या गेटवर दिलं. लिनक्स दर वेळी सुरू होताना समोर कुठलं यंत्र आहे ते तपासून घेतं, त्यामुळे तीच डिस्क शेजाऱ्याच्या संगणकावरही उठते. विंडोजचीही 'टू गो' नावाची अशी सोय २०१२ पासून होती, पण ती मोठ्या संस्थांच्या आवृत्तीपुरती, आणि नेमक्या त्या २०२० सालीच नव्या आवृत्तीतून काढून टाकली गेली. पेन ड्राइव्हवरूनही लिनक्स चालतं, पण सतत होणाऱ्या बारीक लिखाणाने तो रखडतो आणि लवकर झिजतो. एसएसडी टिकते. त्या घरातल्या दोघा भावंडांना मी दोन वेगळ्या डिस्का दिल्या. एकाचा तास संपला की यंत्र बंद, डिस्क बदल, दुसऱ्याचा तास सुरू. मोठ्या बहिणीची बारावी त्यावर झाली. एकाच लॅपटॉपमध्ये दोघांचे दोन संगणक. मी आजवर केलेल्या कामांत मला सगळ्यात जास्त समाधान या कामाचं आहे, आणि त्यात बसवलेला एकही प्रोग्रॅम विकतचा नव्हता.

लग्नाचे व्हिडिओ करणारे अजून येतात. त्यांचं गणित वेगळं. एडिटिंगचा प्रोग्रॅम आणि त्याची कॅश आतल्या एसएसडीवर, चित्रीकरण बाहेरच्या डिस्कवर. उलट केलं तर प्रत्येक कट रखडतो. एकजण वसईहून आधी विरारला जाऊन बसायची जागा पकडतो आणि गाडीतच काम उरकतो. त्याची फिरती डिस्क वायरला लोंबकळायची. चालू डिस्क बिघडायला एक धक्का पुरतो. तबकडी आणि काटा यांच्यातलं अंतर नॅनोमीटरमध्ये मोजायचं असतं. आता छोटी एसएसडी लॅपटॉपच्या झाकणामागे चिकटवलेली असते. मात्र मे महिन्यात एनव्हीएमई एसएसडीची केसिंगं हात लावू नये इतकी तापतात आणि वेग आपोआप उतरतो. ॲल्युमिनियमची केसिंग घ्यावी आणि ती पिशवीत झाकून चालवू नये.

हल्लीच्या गेमचं बरंच सोपं झालं आहे, आणि काही बाबतीत अवघड. स्टीममध्ये बाहेरच्या डिस्कवर लायब्ररीचा फोल्डर करता येतो. विंडोज नव्याने टाकलं तरी स्टीम बसवून तो फोल्डर दाखवला की शंभर जीबी पुन्हा उतरवावे लागत नाहीत. बऱ्याच गेमची प्रगतीही आता क्लाउडवर साठते. ती अर्नाळ्याची सुट्टी आज असती तर तो मुलगा निवांत खेळला असता. पण व्हॅलोरंटसारखा गेम बाहेर टाकला तरी त्याचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी सी वरच बसतो, विंडोजच्या गाभ्यात. प्लेस्टेशन ४ वर २०१७ पासून बाहेरच्या डिस्कवरून गेम चालतात. प्लेस्टेशन ५ चे गेम बाहेरच्या यूएसबी डिस्कवर नुसते ठेवता येतात, खेळताना आत आणावे लागतात. ते यंत्र आतून सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचतं आणि गेम तो वेग धरूनच बांधलेले असतात. डिस्क विकत घ्यायला आलेल्या पालकांना मी आधी विचारतो, यंत्र चार की पाच?

डिस्क तयार करून दिली की मी ती गिऱ्हाइकासमोर दुकानातल्या दुसऱ्या संगणकाला लावतो. जे त्यावर उघडतं ते सोबत नेण्यासारखं. जे उघडत नाही त्याची यादी कागदावर लिहून देतो, कुठली फाइल चालवून पुन्हा बसवायचं त्यासकट, आणि डिस्कच्या पाठीवर तिचं अक्षर मार्करने. काही जण तो कागद दुकानातच विसरून जातात. त्यांना मी फोन करून बोलावून घेतो.